मागच्याचं पान

नांदेडहून लातूरला जाताना एसटीत माझ्या मांडीवर एक खोका असायचा. शेजारी बसलेला माणूस लोह्यापर्यंत कसाबसा गप्प राहायचा, मग बोट दाखवून विचारायचा, मिठाई आहे का. मी सांगायचो, पत्ते आहेत. तो मला एकदा खालीवर बघायचा आणि जरा सरकून बसायचा. आमच्या भागात पत्ते म्हणजे जुगार. त्या पत्त्यांवर राजाराणी नाहीत, उडते सरडे आणि जादूगार आहेत, हे त्याला समजावून सांगेपर्यंत अहमदपूर येऊन जायचं.

अहमदपूरच्या स्टँडवर मी खिडकीतून मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या बाजूला बघायचो. तिथं माझ्या वडिलांनी जन्मभर पोती उचलली. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. नांदेडला इंग्रजी घेऊन बी.ए. झालो. इंग्रजी बोलायची वेळ आली की अजूनही घाम फुटतो, पण शब्दकोश जवळ असला तर काहीही वाचून समजून घेता येतं. तेवढ्यावर मला नोकरी मिळाली. नांदेडचे एक शेठ या खेळाची पाकिटं आमच्या दोन-तीन जिल्ह्यांत दुकानांना पुरवायचे. कंपनीने नवीन संच काढला की त्याचं इंग्रजी नियमपुस्तक वाचायचं, मराठीत उतरवायचं आणि दुकानादुकानांत जाऊन मुलांना खेळून दाखवायचं, हे माझं काम. मुलं मला ‘कार्डवाले सर’ म्हणायची. सर म्हणवून घ्यायला मला आवडायचं. खोटं कशाला सांगू, वडिलांना फोनवर मी तेवढाच शब्द सांगायचो, सर.

लातूरचं आमचं दुकान म्हणजे क्लासेसच्या भागातलं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान. मालकांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आणि गल्ल्यावर बसून दिवसभर नोट्सच्या झेरॉक्सचा हिशोब. दुकानाच्या मागच्या खोलीत कागदाच्या रिमांची थप्पी होती. ती थोडी बाजूला सारून अप्पांनी एक टेबल टाकलं होतं. त्याभोवती पाचच खुर्च्या मावायच्या. रविवारी सकाळी क्लासच्या मुलांची टेस्ट असे, आणि दुपारनंतर त्यांना हॉस्टेलमधून दोन तास बाहेर सोडत. ते दोन तास ही मुलं त्या टेबलाशी घालवत.

सगळी डॉक्टर व्हायला आलेली. कुणी पहिल्या वर्षाचं, कुणी परीक्षा पुन्हा देणारं. एकमेकांना नावाने कुणी हाक मारत नसे, गावाने मारत. ए उदगीर, ए निलंगा, ए परळी. टेबलाशी बसणाऱ्यांत सगळ्यांत हुशार होता नांदेडचा मुलगा. चष्मा लावायचा, आवाज कधी चढवायचा नाही. क्लासमध्ये तो पहिल्या बॅचमध्ये होता, आणि टेबलाशी भिंतीकडची खुर्ची त्याचीच. त्याच्या समोर बसायची किनवटची मुलगी.

ती आश्रमशाळेत शिकून आली होती. परीक्षा दुसऱ्यांदा देत होती. स्वतःचं एकही पाकीट तिने कधी घेतलं नव्हतं. अप्पांनी दुकानाचा म्हणून एक संच ठेवलेला होता, त्यातली पानं घेऊन खेळायची. पण तिला सगळ्या जुन्या संचांची पानं पाठ होती. कोणत्या राक्षसाची ताकद किती, कोणता मंत्र कशावर चालतो, हे मी पुस्तक उघडायच्या आधी ती सांगायची. मी एकदा विचारलं, इतकं कसं लक्षात राहतं. ती म्हणाली, “सर, हे वाचताना भीती नाही वाटत ना.”

दुसऱ्या एका रविवारी, बाकीची मुलं समोसे आणायला गेली असताना, ती पत्ते पिसत पिसत म्हणाली, “आठवडाभर माझ्याशी कोणी बोलत नाही सर. वरच्या बॅचच्या मुली आपसात बोलतात, खालच्या बॅचच्या रडून राहिल्या असतात. इथं कोणीतरी म्हणतं, खेळ की, तुझी बारी आली.” मग तिने पत्ते माझ्यापुढे ठेवले. “काटा, सर.”

तर त्या खुर्चीचं तिला एवढं होतं. आणि खुर्ची टिकवायचा एक नियम होता. तो आमच्या कंपनीचा नव्हता, अप्पांचाही नव्हता. मुलांनी क्लासमधून आणला होता. क्लासमध्ये दर टेस्टनंतर बॅच बदलायची. मार्क कमी पडले की मुलगा खालच्या बॅचला. पहिल्या बॅचला नावाजलेले सर, थंड हवेची खोली. शेवटच्या बॅचला नुकतेच शिकवायला लागलेले सर आणि पत्र्याचं छत. टेबलाशीही तसंच. पाचांत जो शेवटचा येईल त्याने उठायचं, आणि रिमांच्या थप्पीला टेकून जे वाट बघत उभे असत त्यांतल्या पुढच्याने बसायचं. उठलेल्याने रांगेत शेवटी जायचं. बॅच बदल, असंच म्हणायचे. कुणी हरला की बाकीचे नुसतं एवढंच म्हणत, “ऊठ.” त्यावर कुणी भांडलेलं मी पाहिलं नाही. त्यांच्या दृष्टीनं जगाचीच ती रीत होती.

किनवटची मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या खुर्चीवर बसली ती उठलीच नव्हती.

त्या वेळी आलेला नवा संच शर्यतीचा होता. मला तो मनापासून आवडला होता. टेबलावर पानांची एक लांब वाट मांडायची, एकेक पान म्हणजे एकेक घर. वाळवंट, दलदल, मोडका पूल, भुतांची बाजारपेठ. त्या वाटेवरून प्रत्येकाचं वाहन पळणार. कुणाचा पेटता रथ, कुणाचं पाठीवर किल्ला असलेलं कासव, कुणाची तीन डोक्यांची घोडी. या संचात मारामारी कमी आणि पळणं जास्त. आणि त्यात एक नवा नियम होता. त्याचं मराठी करायला मला दोन रात्री लागल्या, कारण मला तो नीट, सुंदर लिहायचा होता. ‘प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला जो सगळ्यांत मागे असेल, त्याने वाऱ्याच्या गठ्ठ्यातून एक पान जास्तीचं घ्यावं.’

वाऱ्याचा गठ्ठा म्हणजे जोर देणारी पानं. पंख, उतार, पाठीवरचा वारा. हेतू साधा होता, मागे पडलेल्याला शेवटपर्यंत आशा राहावी आणि पुढच्याला शेवटपर्यंत धाकधूक.

रविवारी मी वाट मांडली. पाच जण बसले. नांदेड, उदगीर, किनवट आणि परळीचे दोघे. मागे थप्पीला टेकून चार-पाच जण, त्यांत निलंग्याचा एक बारका मुलगा सगळ्यांत पुढे. मी एकेक नियम वाचत गेलो. रथाचं पान हातोहात फिरलं. उदगीरचा म्हणाला, “लई भारी हाय सर.” मग मी हा नियम वाचला.

उदगीरचा म्हणाला, “कशाबद्दल?”

“कशाबद्दल म्हणजे?”

“जास्तीचं पान कशाबद्दल? काय केलंय त्यानं?”

“मागे पडलाय म्हणून.”

“मागं पडल्याबद्दल?” त्याने बाकीच्यांकडे बघितलं, आणि मग सगळे हसायला लागले. थप्पीपाशी उभे असलेलेही.

नांदेडचा हसला नाही. त्याने चष्मा वर सारला. “ग्रेस मार्क हायेत ते,” तो म्हणाला.

मी समजावून सांगायला लागलो. पुढचा पुढेच राहिला तर शर्यत पाहायला मजा राहत नाही. मग मला वाटलं, असं नाही पटायचं यांना, आपलंच सांगावं. मी सांगितलं, अहमदपूरला मी आठवीत वर्गात शेवटून दुसरा होतो. आमच्या एका बाईंनी मार्कांप्रमाणे बसवणं बंद केलं आणि शेवटच्या मुलांना पहिल्या बाकावर घेतलं. शाळा सुटल्यावर त्या मला थांबवून घ्यायच्या. घरून आणलेली अर्धी भाकरी द्यायच्या आणि इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचून घ्यायच्या. त्या बाई नसत्या तर मी आज मोंढ्यात असतो. हे मी आजवर अनेकांना सांगितलं आहे.

मुलांनी ऐकून घेतलं. उदगीरचा खाली मान घालून म्हणाला, “म्हणूनच सर आज पत्ते विकायलेत.”

या वेळी हसण्याचा आवाज इतका झाला की अप्पांनी पडदा बाजूला करून आत डोकावलं. मीही हसलो. सरांनी हसायला पाहिजे अशी ती वेळ होती. किनवटची मुलगी तेवढी हसली नाही. ती नियमाच्या कागदाकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला वाटतं थोडा उजेड होता. तिच्या ओठांची हालचाल चाललेली मी पाहिली, ती तो नियम पुन्हा वाचत होती.

ते नांदेडच्यानेही पाहिलं.

“हा नियम किनवटसाठी चांगला हाय,” तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा खाली. “तिला सवय हाय. कमी मार्कात सीट घ्यायची.”

परळीचा एक जण म्हणाला, “अरे, तिला तर ते बी पुरंना. दुसऱ्यांदा बसायलीय.”

कुणी हसलं नाही या वेळी. सगळे तिच्याकडे बघत राहिले, तेच वाईट. मी म्हणालो, “असलं बोलायचं नाही इथं.” नांदेडचा लगेच म्हणाला, “सॉरी सर.” फार सभ्य मुलगा होता तो. माझ्याकडे बघून सॉरी म्हणाला, तिच्याकडे नाही.

तिने कागद उलटा करून टेबलावर ठेवला.

“मत घ्या,” ती म्हणाली.

“कशावर?” मी विचारलं.

“ह्या नियमावर. काढून टाका. मला नाही पाहिजे.” आणि सगळ्यांच्या आधी तिचाच हात वर झाला.

मी म्हणालो, “अगं, नियम पुस्तकातला आहे. कंपनीनं केलाय.”

“असू द्या सर.”

पाचही हात वर झाले. उभे असलेल्यांनीही केले, त्यांना कुणी विचारलं नव्हतं तरी. मी अप्पांकडे बघितलं. अप्पा पडद्यात उभेच होते. ते म्हणाले, “पोरायचा खेळ हाय. पोरं ठरवतील की, सर. तुमचा माल खपल्याशी मतलब.” आणि झेरॉक्स मशीनकडे गेले.

“मग ती पानं वाया कशाला घालवायची?” नांदेडचा म्हणाला. “जो पुढं असंल त्याला द्यायची. क्लासमध्ये बी तसंच हाय ना? चांगले सर कुणाला, पहिल्या बॅचला. हात तसेच ठेवा सगळ्यांनी.”

तिचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायला तिला वेळ होता. मी तिच्याकडे बघत होतो. तिने तो घेतला नाही.

खेळ सुरू झाला. तिने कासव घेतलं होतं, आणि पहिल्या दोन फेऱ्यांत ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. ती विचार करून खेळायची, घाई नाही. दलदलीतून इतरांची वाहनं कशीबशी निघाली, तिचं कासव सरळ निघालं. उदगीरचा म्हणालाही, “किनवट, जंगलातली हायेस म्हणून चिखल जमतोय.” तिने उत्तर दिलं, “तुझ्या गावात रस्ते झाले का मग?” थप्पीकडचे हसले. त्या वेळी मला वाटलं, सगळं ठीक होईल.

पण पुढे नांदेडचा होता, आणि प्रत्येक फेरीला वाऱ्याचं पान त्याला मिळत होतं. रथ सुसाट निघाला. त्याला गाठता येत नाही म्हटल्यावर बाकीचे त्याचा नाद सोडून आपसात लढायला लागले. शेवटचं कुणी यायचं नाही एवढीच शर्यत उरली. परळीच्या दोघांनी मिळून तिच्या वाटेवर काटेरी कुंपण टाकलं. मोडक्या पुलावर उदगीरच्याने तिचं कासव खाली लोटलं. ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. ठरवायची गरजच नव्हती, ती पुढे होती आणि एकटी होती.

शेवटच्या फेरीला ती पाचवी होती. चौथा परळीचा एक जण, त्याच्या मागे एका घराचं अंतर. नांदेडच्याने वाऱ्याच्या गठ्ठ्यातलं पान उचललं. त्याला त्याचा काही उपयोग नव्हता, तो जवळजवळ पोचलेलाच होता. त्याने ते उघडं करून टेबलाच्या मधोमध ठेवलं. पंख. कोणत्याही वाहनाला अडथळ्यावरून तीन घरं नेणारं पान.

“पुस्तकाच्या नियमानं हे तुझं होतं बरं का, किनवट,” तो म्हणाला.

“माझं कसं? आपण ठरवलं ना.”

“नाही, मी आपलं सांगितलं.”

तिने पंखाच्या पानाकडे पाहिलंच नाही. हातातलं पान टाकलं, कासव एक घर सरकलं आणि कुंपणाला अडलं. परळीचा पुढे गेला. संपलं.

मी घाईने म्हणालो, “हा खेळ धरायचा नाही. शिकण्यासाठी होता. नवीन संचाचा पहिला डाव आहे, बॅच बदल पुढच्या डावापासून.”

“सर, टेस्ट म्हणजे टेस्ट,” नांदेडचा म्हणाला.

“मी सर आहे ना इथं?”

उत्तर तिनेच दिलं, “सर, तुम्ही मधात पडू नका.” खुर्ची मागे सारली. तिच्या हातातली दुकानाची पानं तिने नीट जुळवली, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या, रबर लावलं. निलंग्याचा बारका आधीच खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा होता. त्याला एवढी घाई झाली होती की ती पुरती उठायच्या आत तो बसला.

“ऊठ म्हणंपर्यंत तरी थांब की रे,” उदगीरचा म्हणाला, आणि ते हसले.

ती रांगेत शेवटी जाऊन रिमांना टेकून उभी राहिली. मी दुसरा डाव मांडला. माल खपायचा होता. आणि तो खपला, संध्याकाळपर्यंत खोका रिकामा झाला. अप्पांनी मला आतल्या खोलीत बसवून चहा दिला, शर्यत पोरांना आवडली म्हणाले, अजून एक खोका पाठवा.

निघताना ती दुकानाच्या पायरीवर होती. हॉस्टेलला परत जायची वेळ झाली होती.

“सर, तो नियम पुस्तकात खरंच होता?”

“होता.”

“का तुम्ही घातला? माझ्यासाठी?”

मी पिशवीतून इंग्रजी पुस्तक काढलं आणि ते पान उघडून तिच्या हातात दिलं. तिने बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटत होतं तिला बरं वाटेल, की ही कुणाची दया नव्हती, जगात कुठेतरी कुणीतरी बसून असाच खेळ तयार केला होता. तिने पुस्तक मिटून परत दिलं.

“म्हणजे मी नाही म्हटलं नसतं तर ते पान मला मिळालंच असतं,” ती म्हणाली.

मी पुस्तक पिशवीत ठेवलं. ती रस्ता ओलांडून गेली.

नांदेडला शेठना मी झालेलं सगळं सांगितलं. त्यांना त्यातली एकच गोष्ट ऐकू आली. पुढच्या खेपेला माझ्या मराठी कागदाखाली त्यांनी एक ओळ जास्तीची छापून घेतली होती, की हवं तर जास्तीचं पान पुढच्याला द्यावं, लातूरला असंच खेळतात. नांदेडमध्ये, उदगीरमध्ये मुलं मला तीच ओळ आधी दाखवायला लागली. मूळ नियमाने खेळलेला एकही डाव मी पुढे कुठे पाहिला नाही.

लातूरला मी परत गेलो तेव्हा मध्ये काही रविवार गेले होते. आत डाव चालू होता. भिंतीकडच्या खुर्चीवर नांदेडचा. निलंग्याचा बारका अजून टिकून होता, पण त्याचं वाहन सगळ्यांच्या मागे होतं आणि त्याचे कान लाल झाले होते. थप्पीपाशी रांगेत पुढे किनवटची मुलगी होती. तिने मला बघितलं, मान हलवली. मी विचारलं, “कसं चाललंय?” ती म्हणाली, “शेवटच्या बॅचला आहे सर. पत्र्याखाली.” तिचं अर्धं लक्ष टेबलाकडे होतं.

बारक्याने शेवटचं पान टाकलं. पुरलं नाही. तो तसाच बसून राहिला, वाटेवरच्या पानांकडे बघत, जणू अजून एखादं घर कुठून सापडेल. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. उदगीरच्यानेसुद्धा मान दुसरीकडे वळवली, बारक्याला जरा वेळ द्यावा असं सगळ्यांनाच वाटलं असावं.

किनवटची मुलगी पुढे झाली आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

“ऊठ,” ती म्हणाली.